नोकिया ११०० मध्ये एवढं काय होतं? आणि आज तो वापरता येईल का?

सांगोल्याचा_ओंकार

नमस्कार मंडळी. घरातलं लोखंडी कपाट आवरताना पप्पांचा जुना नोकिया ११०० सापडला. बॅटरी काढून वेगळ्या पिशवीत ठेवलेली होती त्यामुळे फोन आतून एकदम स्वच्छ आहे, चार्जर मात्र कुठेच नाही. माझा जन्म २००४ चा, म्हणजे मी आणि हा फोन जवळपास एकाच वयाचे, लहानपणी त्याच्यावर साप खेळलोय तेवढाच काय तो संबंध. पण फोन बाहेर काढला आणि पप्पा, काका, शेजारचे अण्णा सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि जेवण होईपर्यंत दुसरा विषय नाही. टॉर्च, बॅटरी, टॉर्च, बॅटरी. अहो पण टॉर्च तर आता कुठल्याही फोनमध्ये असतो ना? ह्यात कॅमेरा नाही, रेडिओ नाही, ब्लूटूथ नाही, गाणी नाहीत, साधा स्पीकरवर टाकून बोलायची पण सोय नाही, मग लोक एवढे वेडे का झाले होते ह्याच्यासाठी हे मला खरंच कळत नाहीये.

आणि दुसरं म्हणजे कामाचं. पप्पांचा टच फोन शेतात टिकत नाही. डाळिंबाची बाग आहे, ठिबकच्या नळ्या साफ करताना नाहीतर फवारणी चालू असताना फोन वाजला की ओल्या बोटाने तो उचलताच येत नाही, स्क्रीनवर बोट घासत बसतात आणि तोवर कॉल कट. स्क्रीन पण फुटलीये. तर हा ११०० चालू करून द्यावा का त्यांना? सिम कुठलं चालेल, बॅटरी नवीन मिळते का, चार्जर कुठला लागतो? जाणकारांनी सांगा प्लीज.

---

स्टँडजवळचा_मेकॅनिक

ओंकार भाऊ, ह्या विषयावर मला बोलायला लावू नका असं म्हणणार होतो पण आता विचारलंच आहे तर ऐका. आमचं रिपेरिंगचं दुकान होतं संगमनेरला एसटी स्टँडच्या मागे, आता फक्त कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास विकतो पण २००४ ते २००९ ह्या काळात दिवसभर हातात ११०० च असायचा.

आधी कामाचं सांगतो. बॅटरी बीएल-५सी, ती आजही कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळते, कारण ते छोटे चायना स्पीकर आणि भजनाचे रेडिओ येतात ना त्यात पण तीच बॅटरी बसते. घेताना एक करा, बॅटरी काचेच्या काउंटरवर आडवी ठेवून बोटाने फिरवा, भिंगरीसारखी फिरली तर फुगलेली आहे, घेऊ नका. आणि तुमच्याकडची जुनी असेल ती पण आधी अशी फिरवून बघा, फुगलेली असेल तर चार्जिंगला लावायच्या भानगडीत पडूच नका. चार्जर जाड पिनचा लागेल. नोकियाचा बारीक पिनचा चार्जर नंतर आला, तो तुमच्याकडे असेल तर त्याला जाड पिन करायचं छोटं कनेक्टर मिळायचं, जुन्या दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये अजून सापडेल.

सिमचं मात्र नीट बघा. ह्याला मोठं सिम लागतं, आताच्या फोनमधली सिम बहुतेक नॅनो असतात म्हणजे अडॅप्टर आलाच. नॅनो सिम अडॅप्टरमध्ये ठेवून मागून पातळ टेप मारा. अडॅप्टर रिकामा सरकवू नका कधीच, आतल्या सिमच्या पिना त्याच्यात अडकून वर येतात आणि मग ते काम माझ्यासारख्याकडेच येतं. आणि फोन फक्त २जी वर चालतो. जिओचं सिम चालणार नाही कारण त्यांचं २जी नेटवर्कच नाही. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलचं चालेल पण तुमच्या शेतात त्याची २जी रेंज आहे का ते आधी बघा, नाहीतर सगळा खटाटोप वाया.

आता एवढं काय होतं ह्याचं उत्तर. हा फोन आला २००३ मध्ये, आणि आपल्यासारख्या देशांसाठीच डोकं लावून बनवलेला होता. समोरचं कीपॅड बघा, बटणं सुटी सुटी नाहीत, रबराचा एकच अख्खा तुकडा आहे. त्याच्याआधीच्या फोनमध्ये बटणांच्या फटीतून धूळ आत जायची, मग पाच नंबर दाबला की लागत नाही, सहा दाबला की दोनदा लागतो, दुकानात येणाऱ्या निम्म्या कामांत नुसतं पॅनल उघडायचं, कार्बन साफ करायचा आणि परत स्क्रू लावायचे. पिठाची गिरणी, सिमेंटचं गोडाऊन, वीटभट्टी, अशा ठिकाणचे फोन तर उघडले की आत मूठभर माल. ११०० आल्यावर ते काम निम्म्यावर आलं, म्हणजे धंद्याला मारच बसला म्हणा. बाजूच्या कडा खरखरीत केल्या होत्या, घामाच्या हातातून निसटत नव्हता. वजन ८६ ग्रॅम. शर्टाच्या खिशात घातला तर खिसा लोंबत नाही, हे ऐकायला किरकोळ वाटेल पण त्याआधीचे काही फोन घातले की शर्ट एका बाजूला ओढला जायचा.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

मेकॅनिक दादा, मस्त लिहिलंय 😄 मी त्यावेळी नुकती नोकरीला लागले होते, चर्चगेटला ऑफिस. आमच्याकडे टॉर्चचं एवढं कौतुक नव्हतं, मुंबईत लाईट जायचे नाहीत फारसे. माझ्यासाठी ह्या फोनचा मोठा उपयोग म्हणजे मिस्ड कॉल आणि अलार्म.

ओंकार, तुला आजच्या अनलिमिटेडमध्ये हे कळणार नाही पण मे २००३ च्या आधी आपल्याला आलेल्या कॉलचे पण पैसे आपल्यालाच पडायचे. म्हणजे कोणी उगाच गप्पा मारायला फोन केला तरी मीटर आपला. १ मे २००३ पासून मोबाईलचं इनकमिंग फ्री झालं आणि ११०० आला त्याच वर्षी, त्यामुळे जे लोक तोवर मोबाईल नको रे बाबा म्हणत होते ते सगळे एकदम घ्यायला लागले आणि समोर स्वस्त आणि दणकट असा हाच होता. आमच्या घरी तर ठरलेलंच होतं, ठाण्याला गाडी आली की एक मिस्ड कॉल, म्हणजे आई कुकर लावणार. दोन मिस्ड कॉल म्हणजे गाडी लेट आहे, बाबांना स्टेशनवर पाठवू नको. पैसे शून्य. एकदा बाबांनी चुकून उचलला तर मी घरी जाऊन भांडले होते की माझा एक रुपया गेला म्हणून!

अलार्मचं सांगते. हा फोन बंद करून ठेवला तरी अलार्म वाजतो. पूर्ण स्विच ऑफ. सकाळी ५:५० ला वाजणार म्हणजे वाजणार, मग स्क्रीनवर विचारणार की फोन चालू करू का. आत्ताचे किती फोन करतात असं? रात्री बॅटरी वाचवायला आणि नको त्या लोकांचे फोन टाळायला मी रोज बंद करूनच झोपायचे.

आणि मेसेज. फोनमध्ये साधारण ५० मेसेज मावायचे, भरले की वर पाकिटाचं चिन्ह लुकलुकत रहायचं, म्हणजे बाहेर मेसेज थांबलाय पण आत जागा नाही. मग लोकलमध्ये उभ्या उभ्या ठरवत बसायचं की कुठला उडवायचा आणि कुठला ठेवायचा. काही काही मेसेज मी वर्षानुवर्षं उडवले नव्हते, कोणाचे ते विचारू नका. दिवाळीला आणि नवीन वर्षाला एसएमएस पॅक चालत नसत, त्या दिवशी प्रत्येक मेसेजला पूर्ण पैसे, म्हणून सगळ्यांच्या शुभेच्छा आदल्या दिवशीच येऊन पडायच्या.

---

खडूस_पेन्शनर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा लिहितो. जुन्या वस्तूची आठवण चांगली असते, वस्तू चांगली होती असं त्यावरून ठरत नाही.

वरच्या ताईंनीच सांगितलं की इनकमिंग फ्री झालं म्हणून लोक मोबाईल घ्यायला लागले. मग श्रेय फोनचं की दराचं? भारतात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला, त्या काळात एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता. त्या दरात हा ११०० आणून दिला असता तरी तुमच्या पप्पांनी तो घेतला नसता, कोपऱ्यावरच्या पिवळ्या एसटीडी बूथवरच गेले असते. २००३ मध्येच रिलायन्सने ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा अशी स्कीम काढली होती, त्याला पण रांगा लागल्याच होत्या, आणि त्या फोनला कोणी आज कपाटात जपून ठेवलेलं दिसत नाही. म्हणजे गर्दी स्वस्ताईची होती.

आणि ११०० च्या उणिवा पण सांगा की मुलाला. फोनमध्ये नावं मावायची ५०, बाकीची सिमवर. एका माणसाचे दोन नंबर असले की दोन वेगळी नावं, आमच्या हिच्या फोनमध्ये "सुमन घर" आणि "सुमन मोबा" असं होतं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला स्पीकर नसल्यामुळे त्रास. बोलणारं घड्याळ नंतरच्या १११० आणि १६०० मध्ये आलं, ते ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्यांच्या खरंच कामाचं होतं, माझी आई दर अर्ध्या तासाला ते बटण दाबून वेळ ऐकायची. ह्या ११०० मध्ये ते नाही.

बॅटरीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून हेही लिहितो की २००७ च्या ऑगस्टमध्ये ह्याच बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल नोकियाने जगभर सूचना काढली होती, मात्सुशिता ह्या जपानी कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर तापण्याची शक्यता होती, बदलून देणार म्हणून. आमच्या सोसायटीत तर अफवाच पसरली की फोन बॉम्बसारखा फुटतो, लोक चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत जाऊन बसत होते. सगळ्याच बॅटऱ्या त्यातल्या नव्हत्या, पण नंबर तपासायला कोण बसतो.

---

बांधावरून

काका तुमचं दराचं म्हणणं बरोबर आहे पण टॉर्चचं तुम्ही शहरातून बोलताय. आम्ही निफाड तालुक्यातले, आमच्याकडे २००५ पासून पुढं भारनियमन म्हणजे बारा बारा तास. पंपाला लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्री दोनला लाईट येणार म्हटल्यावर उठायचं, विहिरीवर जायचं, मोटर चालू करायची आणि कांद्याला नाहीतर गव्हाला पाणी धरायचं. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात काठी, कारण वाटेवर साप. मग बॅटरी म्हणजे ती मोठी तीन सेलची टॉर्च धरायला तिसरा हात कुठून आणायचा? आणि तिचे सेल नेमके त्याच दिवशी उतरलेले.

११०० च्या वरच्या टोकाला लाईट होता. सी बटण दाबून धरलं की लागायचा, आणि दोनदा दाबलं की पेटताच रहायचा. स्टार्टरची पेटी उघडताना आम्ही मोबाईल सरळ दातात धरायचो, उजेड बरोबर पेटीत. दोन्ही हात मोकळे. माझ्या फोनच्या खालच्या कडेला दातांचे वण पडले होते आणि आमच्या गावात असे वण पडलेले अनेक फोन होते. आज एवढा मोठा टचचा फोन दातात धरून दाखवा कोणी.

बरं त्याचा उजेड काही फार लांब जायचा नाही हे पण खरं, दहा पावलांच्या पुढचं दिसायचं नाही. पण पायाखालचं दिसलं की बास, सापापुरतं तेवढंच लागतं.

चार्जिंगचा मुद्दा पण तोच. कंपनी ४०० तास स्टँडबाय म्हणायची, तेवढा कुणाचा चालला असेल असं वाटत नाही, पण आम्ही आठवड्यातून एकदा दोनदा चार्ज करायचो आणि तेवढ्यात भागायचं. ज्याच्या घरी लाईटच बारा तास नाही त्याला हे फीचर बाकी सगळ्या फीचरपेक्षा मोठं. पाहुण्यांकडे लग्नाला गेलो तर चार्जर कोणी न्यायचंच नाही.

आणि भाव. आधी कांदा ट्रॅक्टरमध्ये भरून लासलगावला न्यायचा आणि तिथं गेल्यावर कळायचं काय भाव फुटलाय. पडला असेल तर परत आणायचं भाडं कोण देणार, म्हणून मिळेल त्या भावात घालायचा. मोबाईल आल्यावर सकाळचे लिलाव सुरू झाले की बाजार समितीत असलेला गावातला कोणीतरी एक फोन करायचा आणि मग बांधावर ठरायचं आज भरायचा की कांदाचाळीत ठेवायचा. २००७ मध्ये रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेने पण महाराष्ट्रात शेतकऱ्यांना एसएमएसवर बाजारभाव आणि हवामान द्यायची सेवा सुरू केली होती, पैसे भरून घ्यावी लागायची, आमच्यातल्या द्राक्षवाल्यांनी घेतली. आम्हाला मात्र माणसाच्या तोंडून ऐकलेला भाव जास्त खरा वाटायचा, कारण माल कुठल्या प्रतीचा होता ते पण तो सांगायचा.

---

खडूस_पेन्शनर

दातात धरण्याचं मला सुचलं नव्हतं. हे मान्य. 😀

(पण ओल्या जमिनीवर उभं राहून दातात फोन आणि हात स्टार्टरच्या पेटीत, हे ओंकारने करू नये.)

---

लागोसवाला_कोल्हापूरकर

रात्री उशिरा वाचतोय म्हणून थोडक्यात. मी नायजेरियात आहे नोकरीला. नोकियाने विकलेला शंभर कोटीवा फोन हा ११०० च होता आणि तो विकला गेला इथे नायजेरियात, २००५ मध्ये. इथले जुने सहकारी अजून सांगतात. इकडेही लाईटची बोंब, लाईट आले की अख्खी गल्ली "अप नेपा!" म्हणून ओरडते, नेपा म्हणजे इथल्या जुन्या वीज मंडळाचं नाव. त्यामुळे टॉर्चवाला फोन का चालला ते इथल्या माणसाला समजवावं लागत नाही. एकूण ११०० विकले गेले २५ कोटींच्या वर. आयफोन बियफोन सगळे धरून एवढ्या संख्येने विकला गेलेला दुसरा एकच एक मॉडेल सापडणं अवघड आहे.

बाकी तांबड्या रश्श्याची आठवण येते. विषय संपला.

---

सांगोल्याचा_ओंकार

एवढे रिप्लाय येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. अपडेट देतो.

जुनी बॅटरी टेबलवर फिरवली, फिरली 😄 म्हणून नवीन आणली. चार्जर आमच्या इथल्या एका घड्याळवाल्याकडे मिळाला, जाड पिनचा, धूळ पुसून दिला त्याने. फोन चालू झाला!! त्यात पप्पांचे जुने मेसेज तसेच आहेत, सगळे इंग्रजी अक्षरात मराठी, आणि एक रिमाइंडर पण आहे "दवाखाना आई". पप्पांचं सिम जिओचं निघालं म्हणजे ते बाद. आईचं एअरटेलचं घालून बघितलं, घरात रेंज फुल, बागेत विहिरीपाशी एक दांडी. कॉल लागला, आवाज खणखणीत येतो, माझ्या फोनपेक्षा चांगला म्हणालो तरी चालेल.

पण अडचण अशी आहे की पप्पा आता औषधवाल्याला, मजुरांना सगळ्यांना फोनवरूनच पैसे देतात. आणि झाडावर काही रोग दिसला की पानाचा फोटो काढून कृषी सेवा केंद्रवाल्याला व्हॉट्सअपवर पाठवतात. ते ह्याच्यावर कसं करणार. म्हणजे दोन फोन बाळगायचे का मग?

---

स्टँडजवळचा_मेकॅनिक

पैशांचं होतं भाऊ साध्या फोनवरून पण. *९९# डायल करून बँकेची सेवा आहे, २०१४ पासून देशभर चालू आहे, नेट लागत नाही. आणि २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे काढलंय, नंबर फिरवून बोलत्या मेनूतून पैसे पाठवता येतात. पण खरं सांगू, बागेत उभं राहून मजूर ताटकळत असताना ते मेनू ऐकत बसायला पप्पांना जमेल असं वाटत नाही. पानाचा फोटो तर नाहीच.

माझा सल्ला, पैशाचा आणि फोटोचा फोन घरी नाहीतर गाडीच्या डिकीत डबीत ठेवा. शेतात खिशात बटणांचा फोन. तो ११०० च पाहिजे असं नाही, आता ४जी वाले बटणांचे फोन येतात त्यात जिओचं सिम पण चालतं आणि टॉर्च पण असतो. विहिरीपाशी एकच दांडी असेल तर तेच बरं पडेल, २जी पुढे किती वर्षं ठेवतील कोण जाणे. बटणं मात्र हाताने दाबून बघून घ्या, ओल्या हाताला लागली पाहिजेत.

११०० ठेवायचा असेल तर अलार्मला ठेवा. बॅटरी अर्धी चार्ज करून ठेवा, पूर्ण उतरवून महिनोन् महिने ठेवली की परत उठत नाही.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

आणि ते जुने मेसेज उडवू नकोस! नवीन सिमचे कंपनीचे मेसेज येऊन जागा भरली की कोणीतरी सगळं डिलीट मारतं. आधी तुझ्या फोनने त्या मेसेजेसचे फोटो काढून ठेव.

---

बांधावरून

ओंकार, सापाचा स्कोर किती आहे पप्पांचा ते बघ आणि सांग. आमच्याकडे पंपाची लाईट यायची वाट बघत रात्र रात्र खेळलेलो आहे, सहजासहजी हरणार नाही.

---

सांगोल्याचा_ओंकार

बघतो आणि टाकतो. फोन सध्या अण्णांकडे आहे, संध्याकाळी देतो म्हणाले होते, कालच्या संध्याकाळी.